डाव्या कानाची गाडी

"मुंडकं धर तिचं. शिंगाला धरू नको, शिंग मोडलं तर मह्याच नावानं बोंब मारशीन."

"धरलं ना बाई. तू कर तुह्यं काम. आन खरंच का गं, मोटारसायकल घेती म्हनं तू?"

"कोन म्हनं?"

"सारं पिशोर म्हनू राह्यलं. काल गिरनीवर दुसरी गोष्टच नव्हती."

"गिरनीवर दळन दळावं मानसानं. मही गाडी काहून दळू राह्यले?"

सरूबाई हसली आणि तिच्या हातातली शेळी निसटली. आवडाबाईनं ती मांडीखाली दाबली, मागचा पाय वर घेतला आणि खुराच्या फटीत चाकूचं टोक घातलं. पिवळाजर्द पू भळकन बाहेर आला. वास असा की सरूबाईनं पदर नाकाला लावला. आवडाबाईनं मात्र नाक खुराजवळ नेलं आणि नीट हुंगलं. किती आत सडलं ते वासावरून कळतं.

"नाकाला पदर काय लावती? तुहीच शेळी हाय. ओल्यात बांधून तूच सडवली."

"ते जाऊ दे. मी म्हन्ते स्कुटी घे ना. बायामानसाला स्कुटी बरी दिसती. पाय जोडून बसता येतं. लुगडं नीट राह्यतं."

"मह्या लुगड्याची काळजी साऱ्या तालुक्याला पडली. त्या स्कुटीचं पोट पाह्यलं का? जमिनीला टेकेल असतं. वरच्या वस्तीच्या नाल्यातून ती नेली त पोट फाडून घेईन, गाभन शेळी तारंवरून उडी मारती तसं. जांभळं पानी आन इकडं."

सरूबाईनं औषधाचं पाणी पुढं केलं. आवडाबाईनं खूर धुतला, चिंधी बांधली, शेळी सोडली. हात धुतले ते मातीनं, मग पाण्यानं. आणि उठता उठता बाजूला थुंकली. ती पुवावर नव्हती थुंकली. ती गिरणीवर थुंकली.

ही आवडाबाई धनगराची. पिशोरच्या खालच्या अंगाला पंधरा-सोळा घरांची वस्ती आहे, तिथं तिचं सासर. वय चाळिशीच्या अलीकडं पलीकडं. तिलाही नक्की सांगता येत नाही. सातवी शिकली. सरकारी दवाखान्यातल्या जनावरांच्या डॉक्टरांनी तिला सुई धरायला शिकवली, तेव्हापासून शेळ्यामेंढ्यांचं सगळं तीच पाहते. लस, जंताचं औषध, खूर कापणं, बोकड ठेचून खच्ची करणं, अडलेलं करडू ओढून काढणं. कोपरापर्यंत हात शेळीच्या पोटात घालून ही बाई गप्पा मारते. आळ्या पडलेल्या जखमेत बोट फिरवते आणि त्याच हातानं, धुऊन, भाकर खाते. तिला घाणीची किळस नाही. तिला किळस येते ती माणसांची. आणि एका गाडीपायी तिनं गेल्या सहा महिन्यांत जेवढी माणसं पाहिली, तेवढी चाळीस वर्षांत पाहिली नव्हती.

गाडी पाहिजे होती ती हौसेला नाही. लस बर्फात न्यावी लागते. दवाखान्यातून निळी पेटी भरून घ्यायची, खांद्याला अडकवायची आणि बर्फ वितळायच्या आत वस्ती गाठायची. खालच्या वस्त्या पायी होतात. वरच्या, डोंगराच्या अंगाच्या वस्त्या पायी होत नाहीत. एसटी फाट्यापर्यंत जाते, तीही तिच्या लहरीनं. मग उरतो तो रस्त्यानं जाणारा गाडीवाला. "बस ना बाई, सोडतो," म्हणणारा.

बसलं की खेळ सुरू. रस्त्यात खड्डा नाही, कुत्रं नाही, म्हैस नाही, आणि ह्याचा ब्रेक. पुन्हा थोडं गेलं की पुन्हा ब्रेक. मागं बसलेली बाई पाठीवर आदळावी म्हणून माणूस आपलंच रबर जाळतो. चांगला धोतर-टोपीवाला, नातवंडं असलेला माणूस. आवडाबाईनं त्यावर उपाय काढला. पेटी खांद्यावर न ठेवता ती दोघांच्या मधे धरायची, कोना त्याच्या मणक्याकडं करून. ब्रेक मारला की कोना आत. दोन ब्रेकमध्ये माणूस सरळ चालवायला लागतो.

पण मागच्या साली त्याच पायी घात झाला. एकानं असा काही ब्रेक मारला की कोना त्याला लागलाच, पेटीचं झाकणही तडकलं. तो शिव्या देत तिला रस्त्यातच उतरवून गेला. राहिलेली वाट ती उन्हात चालली. वस्तीवर जाऊन पेटी उघडली तर बर्फाचं पाणी झालेलं, आणि बाटल्या हाताला कोमट. कोमट लस म्हणजे नुसतं पाणी. तिनं साऱ्या बाटल्या लोकांच्या देखत दगडावर फोडल्या. मेंढ्या कोंडून सकाळपासून वाट पाहणारे लोक तिला काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्या दिवशी तिथं काकासाहेब नावाचा एक बिनडिग्रीचा सुईवाला आला. त्याच्याजवळ पेटीच नव्हती. त्यानं लस पँटच्या खिशातून काढली आणि साऱ्या कळपाला टोचली. पहिलं पाणी पडून कोवळं गवत वर आलं आणि आंत्रविषारानं तिथल्या मेंढ्या पोट फुगून पटापट पडल्या. वस्ती काय म्हणाली? आवडाबाईनं बाटल्या फोडल्या, तो अपशकुन झाला. काकासाहेबाला कुणी काही बोललं नाही. त्याला पुन्हा बोलावणं गेलं.

हे आठवलं की आजही तिचं तोंड कडू होतं.

यंदा डॉक्टरांनी तिला समोर बसवून सांगितलं, "आवडाबाई, मिरगाच्या आत वरच्या वस्त्या व्हायला पाहिजेत. तुमची स्वतःची गाडी असंल तर त्या तुमच्या नावावर लिहितो. नसंल तर मला दुसरा माणूस पाहावा लागंल."

दुसरा माणूस म्हणजे कोण ते दोघांनाही ठाऊक होतं. त्या तालुक्यात सुई धरणारा आणि गाडी असणारा दुसरा होताच कोण? म्हणून गाडी पाहिजे, आणि ती मिरगाच्या आत पाहिजे. एवढी साधी गोष्ट. पण साधी गोष्ट लोकांच्या हाती पडली की तिचं काय होतं ते पाहा.

चालवायला शिकवलं ते फकिरा दूधवाल्यानं. साठीचा गडी, दुधाच्या कॅना वाहून वाहून त्याची मोटारसायकल त्याच्याइतकीच वाकडी झालेली. सकाळचं दूध घालून आला की दुपारपर्यंत गाडी रिकामी. तो पडीक रानात तिला गाडी द्यायचा आणि स्वतः बाभळीखाली बिडी ओढत बसायचा.

"किलच सोड. हळू. हळू म्हन्लं ना! म्हशीचं दावं सोडती का काय?"

"सोडू राह्यले ना मामा."

"सोडू राह्यली कुढं, फेकू राह्यली. आता गिअर टाक. पायानं, पायानं! हातानं टाकती का त्याला, घास भरवल्यावानी?"

चार दिवसांत ती सरळ चालवायला लागली. पाचव्या दिवशी आपटली, आणि ती अशी आपटली की फकिराची बिडी तोंडातून पडली. गाडी चांगल्या वेगात होती. समोरून एका पोरीच्या मेंढ्या वाट ओलांडायला लागल्या. दुसरं कुणी असतं तर त्यानं हॉर्न दाबला असता, ब्रेक मारला असता. आवडाबाईनं जन्मभर जे केलं तेच केलं. दोन्ही हात उचलले, एक तोंडाशी नेला, दुसरा हवेत फिरवला आणि मेंढरांना हाळी दिली, "हिर्रर्र, हाय हाय!" मेंढ्या शिकल्यासवरल्यासारख्या एका कडेला झाल्या. गाडी दुसऱ्या कडेला गेली. मधे आवडाबाई पडली.

फकिरा आला. आधी त्यानं गाडी पाहिली.

"मेंढरावानी आयकती का गाडी? हात सोडून कोनी हाळी देतं? धनगरीन ती धनगरीनच."

"मेंढरू मेलं का एखादं?"

"नाय."

"मंग बस झालं. दिव्याचं टोपन मोडलं ते भरून देईन मी."

गुडघा सोलला होता. तिनं शेळ्यांचंच मलम लावलं. दुसऱ्या दिवशी येताना तिनं दोन्ही मनगटं चिंध्यांनी हँडलला सैलशी बांधून घेतली. हात सुटायला नकोत म्हणून. त्या चिंध्या बांधूनच ती आठवडाभर फिरली, आणि रस्त्यानं जाणारे येणारे तिला पाहायला थांबायचे. एकजण तर मोबाईल काढून चित्र घेत होता. आवडाबाईनं गाडी सरळ त्याच्या अंगावर घातली. चित्र त्याचं हललं म्हणतात.

लायसनच्या मैदानाबाहेर फॉर्म भरून देणारा एक माणूस टेबल टाकून बसायचा. त्यानं तिला वर-खाली पाहिलं, विचारलं काही नाही, आणि 'बिना गिअर' अशी खूण करून मोकळा झाला. आवडाबाई कागद वाचल्याशिवाय सही करत नाही. लसीच्या बाटलीवरची तारीख वाचल्याशिवाय सुईसुद्धा भरत नाही ती. तिनं कागद परत त्याच्यापुढं टाकला.

"गिअरचं लिव्हा."

"कशाला मावशी? नापास व्हाल."

"मी नापास व्हईन, तुम्हाला काय त्याचं सुतक?"

आठाच्या आकड्यात गाडी फिरवायची होती. तिच्या आधीच्या चौघांचे पाय टेकले. हिचा नाही टेकला. साहेब म्हणाला, "कोणी शिकवलं?" ती म्हणाली, "दूधवाल्यानं." साहेबाला तो विनोद वाटला.

मग शेळ्या विकल्या.

इथं त्या वस्तीची एक रीत सांगायला पाहिजे, नाही तर पुढचं कळायचं नाही. धनगराच्या कळपाला कानावर काप असतो, ज्याच्या त्याच्या घराण्याचा. ह्या वस्तीत नवऱ्याच्या घरचा काप उजव्या कानाला. पोरगी लग्न होऊन आली की बाप तिच्यासंगं दोन-चार जनावरं देतो, त्यांना काप डाव्या कानाला. त्यांची पिलं, पिलांची पिलं, सगळी डाव्या कानाची. ती बाईची. चारा एक, रात्री कोंडायचं वाडगं एक, राखण एक, पण डाव्या कानाचं जनावर विकायचं तर बाईला विचारून, आणि त्यातून जे येईल ते बाईचं. पुरुषानं त्यातलं खाल्लं तर त्याला कुणी मारत नाही, दंडही करत नाही. त्याच्या मेंढ्या कातरायला कुणी येत नाही, एवढंच. आणि मेंढ्या एकट्यानं कातरून होत नाहीत.

आवडाबाईच्या डाव्या कानाच्या अकरा शेळ्या होत्या. पिशोरच्या बाजारात तिनं त्या एकटीनं उभ्या केल्या आणि सूर्य डोक्यावर यायच्या आत विकल्या. रडली वगैरे नाही. त्यातली एक तर रोज दावं तोडायची, ती गेल्याचं तिला बरंच वाटलं.

आता दुकानात जायचं. संभाजीनगरला जालना रोडला गाड्यांची काचेची दुकानं आहेत. बाईनं एकटीनं बैल, गाडी आणायला जायचं नसतं असं वस्ती म्हणाली. तिला वाद घालायचा कंटाळा आला होता. म्हणून दोघं संगं निघाले: नवरा भिकन आणि दीर नानासाहेब.

भिकन मेंढ्या वळतो. दिवसभर न बोलता राहण्याची त्याला सवय आहे आणि ती त्यानं घरीही सोडलेली नाही. नानासाहेब धाकटा. तो चितेगावला कंपनीत आहे, तिथंच खोली घेऊन राहतो, आठवड्याला घरी येतो. त्याच्या उजव्या कानाच्या मेंढ्या वस्तीवर भिकनच सांभाळतो. कंपनीत लागल्यापासून त्याला सगळं कळतं. जीपमध्ये बसल्यापासून हर्सूलला उतरेपर्यंत तो पिकअप, मायलेज आणि डिस्क ब्रेक ह्यांच्यावरच बोलत होता.

"कागदं द्या मह्याजवळ वैनी. तिथं गडबड करत्यात लोक. मी पाहतो सारं."

तिनं कागद दिले. हीच तिची चूक.

दुकान थंडगार. फरशी अशी की तिनं चप्पल बाहेर काढू का म्हणून विचारलं. टाय घातलेला एक विक्रेता पळत आला तो नानासाहेबाकडं. "या सर. बसा सर." भिकनलाही सर म्हणाला, भिकननं मागं वळून पाहिलं, आणखी कोण आलं म्हणून. आवडाबाईला तो म्हणाला, "मावशी, तुमच्यासाठी इकडं. ही बघा, गुलाबी आहे."

"मला गुलाबी काय करायचंय? मोटारसायकल पाह्यची मला."

"चालवणार कोण?"

"मी."

तो नानासाहेबाकडं पाहून हसला. नानासाहेबही हसला. त्या हसण्याची तिला किळस आली. आळ्यांची कधी आली नव्हती.

तिनं मग त्या दोघांना सोडलं आणि गाड्यांच्या रांगेत शिरली. मेंढा पारखतात तशी ती एकेक गाडी पारखत होती. मागच्या सीटवर पेटी बसेल का ते पाहायला पेटी संगं आणलेलीच होती. ती ठेवून पाहिली, दोरीनं आवळून पाहिली. मग पदर खोचला आणि गाडीखाली उताणी झोपली. जमिनीपासून गाडीचं पोट किती वर आहे ते वितीनं मोजलं.

"वैनी! उठा ना. लोक पाहू राह्यले."

"पाहू द्या. हिचं पोट खाली हाय. ती पलीकडली साधी दावा, काळी."

"ती? ती दूधवाले घेत्यात."

"मंग बरोबर हाय. दूधवाल्यांला रस्ते ठाव असत्यात."

नानासाहेबाच्या मनात मात्र दुसरीच भरली होती. लाल, पुढून वाकलेली, मागची सीट विंचवाच्या नांगीसारखी वर. तिच्यावर पेटी काय, मांजरही बसलं नसतं. तो तिच्यावर बसला, आरशात केस पाहिले, उतरला, पुन्हा बसला. टायवाला फॉर्म घेऊन आला. चहा आला, बिस्किटं आली. नानासाहेबानं फॉर्म भरून घेतला आणि तिच्यापुढं सारला.

"इथं सही करा. साक्षीदार म्हनून."

साक्षीदार. तिनं फॉर्म उचलला आणि वरून खाली वाचायला सुरुवात केली.

"भाऊजी, हे मालकाच्या जागी तुमचं नाव काहून हाय?"

"कागदाला कोनाचं तरी नाव लागतंच. घरातलीच गाडी. मह्यं काय आन तुमचं काय."

"मंग मह्यंच लिव्हा ना."

"तसं नसतं वैनी. पगाराची चिठ्ठी लागती त्याला."

"नाही सर," टायवाला मधेच म्हणाला, "रोख असेल तर पगाराची चिठ्ठी नाही लागत."

नानासाहेबानं त्याच्याकडं असं पाहिलं की तो टाय नीट करायला लागला.

"आन पत्ता चितेगावचा हाय. गाडी कुढं राह्यनार?"

"मह्या खोलीवर. शेड हाय तिथं. वस्तीवर उन्हात वाळून जाईन ती. शनवारी आनत जाईन ना मी. आइतवारी फिरवा तुम्ही, कुढं फिरवायची तिकडं."

"शेळ्या आइतवारीच मरत्यात का फकस्त?"

"आवाज कमी करा वैनी."

ती भिकनकडं वळली. भिकनचं बिस्कीट नेमकं त्याच वेळी तुटून चहात पडलं होतं आणि ते बोटानं काढण्याचं काम त्याला लागलं होतं.

"आवो, तुम्ही बोला काही."

"आता नाना म्हन्तो त..." एवढं बोलून त्यानं बोट चाटलं.

तिनं फॉर्म नानासाहेबाच्या चहाच्या कपाखाली ठेवला. आपले कागद त्याच्या हातातून ओढून घेतले. पेटी उचलली आणि काचेचं दार ढकलून बाहेर पडली. पैशाची पिशवी तिच्या कमरेलाच होती, ती तिनं कुणाच्या हाती दिलीच नव्हती. एवढं शहाणपण राहिलं होतं. येताना जीपमध्ये ती पुढं बसली, दोघे मागं. हर्सूलपासून पिशोरपर्यंत नानासाहेबानं मायलेजचं नाव काढलं नाही. भिकन तर तसाही बोलला नसता.

घरी आल्यावर तिनं सासूला सांगितलं. सासू बानाबाई, वाळलेली, करकरीत म्हातारी. वाडग्याच्या तोंडाशी दगडावर बसून असते आणि कोणती मेंढी लंगडते ते वासावरून सांगते असं लोक म्हणतात. तिचा सुनेवर जीव आहे असं समजू नका. अठरा वर्षांत तिनं आवडाबाईच्या भाकरीला एकदाही बरं म्हटलेलं नाही. बाईनं गाडीवर टांग टाकून बसावं हे तर तिला ओकारी आणणारं होतं. तसं ती बोललीही.

"टांगा फाकून बसशीन रस्त्यानं. थू."

"बसन. पन आत्याबाई, शेळ्या डाव्या कानाच्या होत्या."

म्हातारीची नजर वाडग्याकडं गेली. वाडग्यात तिच्या स्वतःच्या डाव्या कानाच्या सात मेंढ्या होत्या. आज सुनेचं खाल्लं तर उद्या कुणाचं खातील हा हिशेब तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"परवा कातरन हाय ना?" एवढंच ती म्हणाली.

कातरणीच्या दिवशी वस्तीचे सगळे गडी कातरी घेऊन जमले. मेंढ्या नाल्यात धुऊन उन्हात उभ्या केलेल्या, ओल्या लोकरीचा आंबट वास सगळीकडं. नानासाहेब कंपनीतून रजा काढून आला होता, पांढऱ्या बुटावर. पहिल्यांदा भिकनच्या मेंढ्या झाल्या. मग नानासाहेबाची पहिली मेंढी आडवी पाडली तशी बानाबाई दगडावरून बोलली.

"थांबा. आधी इचारा त्याला, डाव्या कानाचं काहून खाऊ राह्यला."

कातरी थांबल्या.

"मी काय खाल्लं?" नानासाहेब तांबडा झाला. "कागदावर नाव लिव्हलं नुसतं. गाडी आली तरी कुढं अजून?"

"ताट वाढून घेतलं ना पन," एक म्हातारा कातऱ्या म्हणाला. "घास घ्यायचाच राह्यला."

माणसं हसली. नानासाहेब म्हणाला, ह्या जुन्या गोष्टी आहेत, आता आधारकार्ड चालतं, कान चालत नाही. म्हाताऱ्यानं ते शांतपणे ऐकलं, मेंढीचे पाय सोडले आणि कातर कमरेला खोचली. बाकीच्यांनीही खोचल्या. मेंढी उठून अंग झाडून निघून गेली. साठ मेंढ्या धुतलेल्या लोकरीनं उभ्या, ऊन चढत चाललेलं, आणि कंपनीची रजा एकच दिवसाची.

नानासाहेबानं भिकनकडं पाहिलं. भिकन कातरीला धार लावत होता.

"घ्या तुमच्या नावावर," नानासाहेब शेवटी म्हणाला. "मला काय करायची? बाई चालवनार म्हन्ल्यावर आठ दिसात भंगारात जाईन."

"जाऊ दे ना," बानाबाई म्हणाली. "भंगार बी तिचंच."

कातरी पुन्हा निघाल्या.

तुम्हाला वाटेल आवडाबाई खूश झाली असेल. ती लोकर भरत होती आणि तिचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं होतं. हेच गडी तिच्या मनगटाच्या चिंध्यांना हसले होते. ह्यातल्याच दोघांनी तिला रस्त्यात ब्रेक मारले होते. भिकननं संध्याकाळी विचारलं, आता काय झालं तोंड वाकडं करायला?

"दुकानात मी बोलले, ते मानसाचं बोलनं होतं. कोनी आयकलं नाय. शेळीचा कान दावला तव्हा आयकलं. तुम्हाला नाय येत शिसारी?"

भिकननं थोडा विचार केला. मग म्हणाला, "पन गाडी त भेटन ना."

चार दिवसांनी ती एकटीच गेली. टायवाल्यानं दाराकडं पाहिलं, "सर नाही आले?"

"कोनते सर? काळी काढा ती, दूधवाल्यांची."

ह्या वेळी त्यानं फॉर्म भरला आणि तिनं दोनदा वाचला. मालक: आवडाबाई भिकन. पत्ता: वस्ती, पिशोर. गाडी मागवावी लागणार होती, आठ दिवस लागतील म्हणाला. मागं पेटीसाठी लोखंडी चौकट बसवायची, ती तिनं कागदाच्या पाठीवर चित्र काढून दाखवली. टायवाला ह्या खेपेला हसला नाही. चहाही विचारला नाही.

येतायेता दवाखान्यात पावती दाखवली. डॉक्टरांनी वही उघडली आणि वरच्या वस्त्यांपुढं तिचं नाव लिहिलं. मिरगाला अजून अठरा दिवस होते. रात्री भिकननं विचारलं, बाजाराच्या दिवशी गाडी मला देशील का?

"आधी लायसन काढा," ती म्हणाली आणि कूस वळून झोपली.

दुसऱ्या दिवशी गाडी अजून आलेली नव्हती, तेव्हा पहाटेच पायी निघाली. लस देण्याआधी वरच्या वस्तीवर जंताचं औषध पाजायचं होतं, आणि त्याला बर्फ लागत नाही. पोचेपर्यंत दहा वाजले. लोकांनी मेंढ्या कोंडून ठेवल्या होत्या. मागच्या साली बाटल्या फोडल्या म्हणून शिव्या देणारा तिथल्या कळपाचा मालक, सांडू, आज पुढं येऊन म्हणाला, "या बाई, काकासाहेब म्हनत होता की..."

"काकासाहेब काय म्हनतो ते त्यालाच सांगा. मेंढी धरा."

तिनं पहिल्या मेंढीच्या जबड्यात अंगठा घातला, तोंड उघडलं, जिभेच्या कडेनं औषध ओतलं आणि गिळेपर्यंत नरडं चोळलं. मेंढीनं निम्मं औषध तिच्या बाहीवर शिंकरलं. तिनं बाही पुसली नाही. पाजून झालेलीच्या पाठीवर गेरूची रेघ ओढली आणि दुसरीचा कान धरला.